टॉवर लॅपटॉपात: एसआरएसरॅन सोर्स कोडपासून बांधताना

२०१५ च्या सिंहस्थात, पर्वणीच्या दिवशी, गोदाघाटावरच्या गर्दीत आई आणि मावशीशी माझी चुकामूक झाली. फोनवर रेंज फुल्ल, सगळ्या कांड्या उभ्या, आणि फोन मात्र लागत नव्हता. दोन तासांनी त्या दोघी पंचवटी कारंजापाशी सापडल्या. कांड्या आहेत तर फोन का लागत नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला.

याचं उत्तर पुस्तकात मिळतं. टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचतोय, एवढंच कांड्या सांगतात. फोनचा आवाज टॉवरला ऐकू जातोय का, हे त्यांच्यावरून कळत नाही. फोरजीमध्ये फोन टॉवरला पहिली हाक मारतो ती त्या सेलच्या (टॉवरच्या एका क्षेत्राच्या) ६४ प्रीॲम्बलपैकी, म्हणजे ठरावीक सिग्नल-खुणांपैकी, एक उचलून. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच प्रीॲम्बल उचलला की टक्कर होते, आणि मग थोडं थांबून पुन्हा हाक मारावी लागते. हजारो फोन एकदम हाका मारू लागले की पुढचं सगळं अडतं. गर्दीत नेटवर्क अडण्याच्या अनेक जागांपैकी ही एक. हे मी वाचलं होतं, पण मला ते उमगलं ते स्वतःच्या लॅपटॉपवर टॉवर बांधून त्याच्या लॉगमध्ये प्रीॲम्बलचा आकडा उमटलेला पाहिला तेव्हा. तो टॉवर कसा बांधायचा, ते इथे लिहितोय.

एक सूचना आधी. गंगापूर रोडला आमच्या घरी रविवारी इंजिनीअरिंगची काही मुलं जमतात. एक जण पायऱ्या मोठ्यानं वाचतो, बाकीचे टाईप करतात. हा लेख त्याच पद्धतीनं लिहिलाय. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

काय बांधणार आहोत

एसआरएसरॅन फोरजी. आयर्लंडमधल्या सॉफ्टवेअर रेडिओ सिस्टिम्स या कंपनीचा हा मुक्त स्रोत प्रकल्प. आधी त्याचं नाव एसआरएसएलटीई होतं, २०२१ मध्ये बदललं. परवाना एजीपीएल. त्यात तीन प्रोग्रॅम आहेत. एसआरएसयूई म्हणजे फोन, एसआरएसईएनबी म्हणजे टॉवर, आणि एसआरएसईपीसी म्हणजे टॉवरच्या मागचं कोअर नेटवर्क: ग्राहकांची नोंद, सिमची तपासणी, आयपी पत्ता देणं ही कामं तिथे चालतात. हे तिन्ही एकाच लॅपटॉपवर चालतात.

फाइव्हजीच्या जमान्यात फोरजी का, असं मुलं हमखास विचारतात. याच कंपनीच्या फाइव्हजी प्रकल्पात टॉवर आहे, फोन नाही. फाइव्हजीची चाचणीसुद्धा या फोरजीच्या संचातलाच फोन वापरून करतात. कोअर ओपनफाइव्हजीएससारखं वेगळं आणावं लागतं. इथे तिन्ही भाग एका छपराखाली आहेत आणि संदेश वाचायला सोपे आहेत. एकदा हे कळलं की फाइव्हजीत बदललेली नावं तेवढी शिकायची राहतात.

हवेत काहीही सोडायचं नाही

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. या संचात टॉवरची मूळ वारंवारता २६८० मेगाहर्ट्झ ठेवलेली असते. ती २५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते, आणि आपल्याकडे या पट्ट्यातला काही भाग टेलिकॉम कंपन्यांसाठी लिलावात जातो. परवानगीशिवाय तिथे प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, मग ते घरातल्या टेबलावरून का असेना. आपल्या नाशिकच्या एका अंगाला ओझरचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला देवळालीची तोफखान्याची शाळा. इथे बेफिकिरी करण्यासारखी जागाच नाही. खरोखर प्रयोगासाठी प्रक्षेपण करायचं असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

म्हणून आपण अँटेनाच ठेवणार नाही. झीरोएमक्यू नावाची लायब्ररी टॉवरकडून निघालेले सिग्नलचे नमुने थेट फोनच्या प्रोग्रॅमला पोचवते. सिग्नल तोच, गणित तेच, मधली हवा फक्त गायब. खर्च शून्य, आणि कायद्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मशीन आणि पॅकेजेस

उबुंटू २२.०४ घ्या. त्याच्यासोबत येणारा जीसीसी ११ हा कंपायलर या कोडशी नीट जुळतो. नवीन कंपायलर पूर्वी चालून गेलेल्या गोष्टींवर इशारे देतो, आणि हा प्रकल्प इशाऱ्यालाही चूक मानून बांधकाम थांबवतो. नवीन उबुंटूच हवं असेल तर जीसीसी ११ वेगळं बसवा आणि सीमेकला (बांधकामाचा आराखडा करणारं साधन) कंपायलर म्हणून तेच वापरायला सांगा. व्हर्च्युअल मशीन चालेल. चार कोअर आणि ८ जीबी मेमरी पुरते.

एपीटीनं, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवायच्या कमांडनं, बसवायच्या गोष्टी: बिल्ड-एसेन्शियल, सीमेक, गिट, आणि लायब्ररींच्या डेव्ह आवृत्त्या. एफएफटीडब्ल्यू३ ही फूरिये रूपांतरासाठी. एलटीईचा (फोरजीचं तांत्रिक नाव) सिग्नल १५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या शेकडो वाहकांवर पसरलेला असतो, तो जोडायला आणि सोडवायला हेच गणित लागतं. एमबेडटीएलएस ही सिमच्या तपासणीतल्या आणि संदेश झाकण्याच्या कूटलेखनासाठी. बूस्टचं प्रोग्रॅम-ऑप्शन्स आणि लिबकॉन्फिग++ या सेटिंगच्या फाइली वाचायला. लिबएससीटीपी टॉवर आणि कोअर यांच्या संभाषणासाठी. आणि शेवटची लिबझेडएमक्यू३, म्हणजे वर सांगितलेली झीरोएमक्यू. डेव्ह हा प्रत्यय विसरू नका. नुसती लायब्ररी असली तर प्रोग्रॅम चालतो, पण बांधता येत नाही, कारण बांधायला हेडर फाइली लागतात आणि त्या डेव्हमध्येच असतात.

सोर्स आणणं

गिटहबवर एसआरएसरॅन या खात्यातला एसआरएसरॅन-अंडरस्कोर-४जी हा प्रकल्प गिट क्लोन करा. फोल्डरमध्ये जाऊन गिट चेकआउटनं रिलीज २३.११ चा टॅग घ्या. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या दिवशी क्लोन केलं तर पाच जणांकडे वेगवेगळा कोड येऊ शकतो. मग एकाची चूक दुसऱ्याच्या मशीनवर दिसतच नाही. आमचा एक अख्खा रविवार असा गेला आहे.

सीमेक काय म्हणतंय ते ऐका

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये बिल्ड नावाचं रिकामं फोल्डर करा, आत जा, आणि तिथून सीमेक चालवा. पुढे जागा सोडून दोन ठिपके, म्हणजे एक पायरी वरचं फोल्डर. सीमेक स्वतः काही बांधत नाही. तुमच्या मशीनवर काय आहे आणि काय नाही ते तपासतं आणि बांधकामाचा आराखडा तयार करतं. तपासताना पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात. शेवटी आराखडा तयार झाल्याचं वाक्य आलं की सगळे खुश होतात आणि मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामाची कमांड, दाबतात.

घोटाळा होतो तो इथेच. झीरोएमक्यू सापडली नाही तर सीमेक थांबत नाही. यूएचडी, सोपीएसडीआर यांसारख्या खऱ्या रेडिओच्या लायब्ररीही शोधतं, त्या नसल्या तर तेही सांगतं आणि पुढे जातं. यांपैकी एकही मिळाली नाही, तर रेडिओ ड्रायव्हर नसल्यानं फोन आणि टॉवर हे दोन्ही प्रोग्रॅम बांधणार नाही, अशा अर्थाची एक ओळ छापून मोकळं होतं. ती एक ओळ. पुढचं बांधकाम पूर्ण होतं, १०० टक्के दिसतं, एकही लाल अक्षर येत नाही. मग तुम्ही एसआरएसईएनबी चालवायला जाता आणि तो प्रोग्रॅमच नसतो.

यूएचडी आधीपासून बसवलेली असेल तर गोष्ट आणखी फसवी होते. प्रोग्रॅम बांधले जातात, चालतात, आणि झेडएमक्यू नावाचं उपकरण मिळालं नाही म्हणून मान टाकतात. अशा वेळी मुलं सेटिंगच्या फाइलीत चूक शोधत बसतात. चूक तिथे नसतेच.

म्हणून सीमेकचा सगळा निकाल एका फाइलीत साठवा आणि शांतपणे वाचा. झीरोएमक्यू सापडल्याची ओळ बोटानं दाखवता आली पाहिजे. फोन, टॉवर आणि कोअर यांच्या प्रत्येकी एकेक ओळी, ते बांधले जाणार आहेत हे सांगणाऱ्या, दिसल्या पाहिजेत. आमच्याकडे नियम आहे: या चार ओळी शेजारच्याला दाखवल्याशिवाय कोणी मेकला हात लावायचा नाही.

काही राहिलं असेल तर ते पॅकेज बसवा आणि बिल्ड फोल्डर पूर्ण रिकामं करून सीमेक पुन्हा चालवा. सीमेक जुनी उत्तरं कॅशमध्ये जपून ठेवतं. पॅकेज बसवूनही त्याला ते दिसत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच.

मेक

मेक चालवताना ‘जे’ या अक्षराच्या पर्यायानं एका वेळी किती फाइली कंपाइल करायच्या ते सांगतात. सगळे आठ कोअर देऊन टाकायचा मोह होतो. पण यातल्या काही सी++ फाइली, खास करून फोन आणि टॉवरमधल्या संदेशांच्या व्याख्यांपासून तयार झालेल्या, प्रचंड मोठ्या आहेत. एकेक प्रक्रिया एक जीबीच्या पुढे जाऊ शकते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर आठ एकदम लावल्या की मेमरी संपते, लिनक्स त्यातली एक ठार करतो, आणि पडद्यावर किल्ड असं येतं. कोड बिघडलेला नसतो. पर्यायात दोन टाका आणि मेक पुन्हा चालवा, झालेलं काम वाया जात नाही. माझ्या चार कोअरच्या लॅपटॉपला पंचवीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा आणि चिवडा होतो.

आणखी एक अनुभव. एका मुलानं घरच्या नव्या डेस्कटॉपवर सगळं बांधलं आणि बिल्ड फोल्डर पेनड्राइव्हवर घालून जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे प्रोग्रॅम सुरू होताक्षणी इलीगल इन्स्ट्रक्शन म्हणून कोसळला. हा प्रकल्प मूळ सेटिंगमध्ये ज्या प्रोसेसरवर बांधला जातो त्याच्याच खास सूचना वापरतो, त्यामुळे गणित वेगानं होतं. जुन्या प्रोसेसरला त्या सूचना ठाऊक नसतात. ज्या मशीनवर चालवायचं, त्याच मशीनवर बांधा.

मग मेक टेस्ट. यात फूरिये रूपांतरापासून संदेशांच्या बांधणीपर्यंत शेकडो छोट्या चाचण्या चालतात. पहिल्या वेळी नक्की करा. नंतर सुडोसह मेक इन्स्टॉल, त्यामागून एलडीकॉन्फिग. शेवटी सोबत आलेली इन्स्टॉल-कॉन्फिग्ज स्क्रिप्ट सुडोनं चालवा आणि तिला सर्व्हिस हा शब्द द्या. सेटिंगच्या फाइली इटीसीखालच्या एसआरएसरॅन फोल्डरमध्ये जाऊन बसतात.

तारा जुळवणं

टॉवरची ईएनबी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. आरएफ या भागात झीरोएमक्यूच्या दोन ओळी आधीच लिहिलेल्या असतात, फक्त पुढे हॅश असतो. हॅश काढा. टॉवर २००० क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो आणि २००१ वर ऐकतो. फोनच्या यूई डॉट कॉन्फमध्येही तसंच करा, तिथे पोर्ट उलटे आहेत. एकाचं तोंड ते दुसऱ्याचा कान. दोन्हीकडे नमुन्यांचा वेग सेकंदाला २ कोटी ३० लाख ४० हजार असा एकसारखाच हवा.

फोनच्या फाइलीत गेटवेच्या भागात नेटएनएस असा रकाना आहे, तिथे यूई१ लिहा. त्याच नावाची नेटवर्क नेमस्पेस आधी तयार करा: सुडो, आयपी, नेटएनएस, ॲड, यूई१. ही भानगड कशासाठी? फोन आणि कोअर एकाच लॅपटॉपवर आहेत. नेमस्पेस नसेल तर लिनक्सला दोन्ही पत्ते आपल्याच घरातले दिसतात आणि पिंगचं पॅकेट तो आतल्या आतच पोचवून टाकतो. तुम्हाला वाटतं रेडिओवरून गेलं, प्रत्यक्षात ते टॉवरकडे फिरकलेलंसुद्धा नसतं. नेमस्पेस म्हणजे फोनला दिलेली वेगळी खोली, बाहेर पडायचं तर रेडिओच्याच दारानं.

नेटवर्कचा देश क्रमांक ००१ आणि ऑपरेटर क्रमांक ०१ असतो. हे आकडे चाचणीसाठीच राखलेले आहेत. भारताचा ४०४ तिथे टाकू नका.

सुरू करणं

तीन टर्मिनल उघडा. पहिल्यात सुडोनं कोअर, दुसऱ्यात टॉवर, तिसऱ्यात सुडोनं फोन. क्रम हाच. टॉवर सुरू झाला की कोअरच्या टर्मिनलवर तो जोडला गेल्याची नोंद येते. इथे अडलं तर बहुधा दोन्हींच्या फाइलींतल्या एमएमईच्या (कोअरमधला जोडणी सांभाळणारा भाग) पत्त्यात तफावत असते, मूळ पत्ता १२७.०.१.१०० आहे.

फोन सुरू केल्यावर काही क्षणांत सेल सापडल्याची ओळ येते, मग टॉवरच्या पडद्यावर आरएसीएच, म्हणजे फोनच्या पहिल्या हाकेची, एक ओळ. तिच्यात प्रीॲम्बलचा क्रमांक असतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तो आकडा बघत कितीतरी वेळ बसलो होतो. गोदाघाटावर माझ्या फोननं जी हाक मारली असणार, ती इथे एका आकड्याच्या रूपात समोर होती. त्यानंतर जोडणी पूर्ण होऊन फोनला १७२.१६.०.२ असा पत्ता मिळतो.

आता यूई१ नेमस्पेसच्या आतून १७२.१६.०.१ ला पिंग करा. वेळ साधारण २० ते ४० मिलिसेकंद दिसेल. एकाच लॅपटॉपवर एवढा उशीर का, असं वाटेल. फोनला काही पाठवायचं असेल तर आधी टॉवरकडे पाळी मागावी लागते, टॉवर ती मंजूर करतो, मग पॅकेट निघतं. उशीर त्याचा आहे.

लॅपटॉप कमकुवत असेल तरी चिंता नको. खऱ्या रेडिओला वेळेवर नमुने मिळाले नाहीत तर सिग्नल तुटतो. इथे एका नमुन्याला आठ बाइट धरले तर एका दिशेनं सेकंदाला सुमारे १८४ मेगाबाइट वाहायला हवेत, पण मशीनला ते झेपलं नाही तर दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांसाठी थांबतात. दोघांचंही घड्याळ सारखंच संथ होतं, म्हणून तुटत काही नाही. फक्त अशा मशीनवर मोजलेल्या वेगावर आणि पिंगच्या वेळेवर निष्कर्ष काढू नका. फोन बंद केला तर टॉवरही पुन्हा सुरू करावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

मुद्दाम मोडून बघा

कोअरच्या ईपीसी डॉट कॉन्फमध्ये पीकॅप (संदेशांची नोंद) चालू करा. टॉवर आणि कोअरमधलं संभाषण टेंप फोल्डरमधल्या फाइलीत उतरतं. वायरशार्क या संदेश वाचायच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडण्यापूर्वी प्रेफरन्सेसमधल्या प्रोटोकॉलच्या यादीत डीएलटी यूजर शोधून १५० क्रमांकापुढे एस१एपी (टॉवर आणि कोअरच्या संभाषणाचा प्रोटोकॉल) लिहा, नाहीतर नुसते आकडे दिसतील. आता अटॅच रिक्वेस्ट, त्यावर कोअरनं घातलेलं कोडं, फोनचं उत्तर, मग सुरक्षेचा करार, हा सगळा क्रम वाचता येतो.

मग सगळं बंद करा आणि यूजर-डीबी डॉट सीएसव्ही या ग्राहकांच्या यादीत आपल्या फोनच्या किल्लीचा एकच आकडा बदला. बंद करूनच बदला, कारण कोअर बंद होताना ही फाइल स्वतः पुन्हा लिहितं आणि चालू असताना केलेला बदल पुसला जातो. पुन्हा सुरू केल्यावर फोन नेटवर्कलाच नाकारेल. मुलांना वाटतं, नेटवर्क फोनला नाकारेल. पण फोरजीत आधी फोन नेटवर्कची परीक्षा घेतो. कोड्यासोबत आलेला शिक्का स्वतःच्या किल्लीनं पडताळतो आणि जुळला नाही तर मॅक फेल्युअर असं कारण देऊन मागे सरतो. टूजीत ही उलट तपासणी नव्हती, म्हणून तिथे खोटा टॉवर उभा करणं सोपं जात होतं.

पुढचा प्रयोग वेगाचा. ईएनबी डॉट कॉन्फमध्ये पीआरबीची (वारंवारतेच्या तुकड्यांची) संख्या ५० आहे, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. एका अँटेनाला ५० पीआरबीत एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त ३६,६९६ बिट जातात, २५ मध्ये १८,३३६. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमनं आधी ५० वर, मग २५ वर मोजा. आकडा या कमाल मर्यादेच्या जितका खाली असेल तितका कुठे गेला, ते टॉवरच्या टर्मिनलवर टी दाबून येणाऱ्या तक्त्यात शोधा.

आणि माझ्या मूळ प्रश्नासाठी एसआयबी डॉट कॉन्फ उघडा. त्यात आरएसीएचच्या भागात, फोनांनी आपणहून उचलायचे प्रीॲम्बल ५२ दिले आहेत, उरलेले टॉवर स्वतःच्या हातात ठेवतो. प्रमाणकात हा आकडा चारच्या पटीत, ४ पासून ६४ पर्यंत ठेवता येतो. दोन फोन जोडायचे तर मध्ये ग्नू रेडिओ या सिग्नल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक आराखडा बसवावा लागतो, तो दोघांचे नमुने बेरीज करून टॉवरला देतो आणि टॉवरचे नमुने दोघांना वाटतो. प्रत्येक फोनला वेगळे पोर्ट, वेगळा आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक) आणि वेगळी नेमस्पेस हवी, ग्राहकांच्या यादीत दुसरी ओळही हवी. ते जमलं की ५२ च्या जागी ४ लिहा, दोन्ही फोन पुन्हा पुन्हा एकदम सुरू करा आणि आरएसीएचच्या ओळींतला प्रीॲम्बलचा रकाना वाचत राहा.